आत्याचा आवाज आणि कूलरची घरघर

आमच्या पिढीला माइक म्हटला की आठवतो तो मांडवातला. अहुजाचा अॅम्प्लिफायर, कडुनिंबाला बांधलेला कर्णा आणि माइकवर बोटाने टकटक करीत ‘हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग’ म्हणणारा मंडपवाल्याचा पोऱ्या. त्या माइकचे काम एकच, आवाज मोठा करणे. गावच्या शेवटच्या घरापर्यंत आभारप्रदर्शन पोहोचले की माइक चांगला. आवाज मोठा आला, पण चांगला आला का, असा प्रश्न कुणी विचारल्याचे मला स्मरत नाही. त्यामुळे पुतण्याचा मुलगा, म्हणजे नात्याने आमचा नातूच, दोन वर्षांपूर्वी ‘आबा, मला माइक घ्यायचा आहे’ असे म्हणाला तेव्हा मी भाबडेपणाने विचारले, ‘कुठे भाषण आहे?’

भाषण कुठेच नव्हते. मुलगा जळगावला शिकायला आमच्याकडे राहतो. रात्रीची जेवणे आटोपली की संगणकासमोर बसून बंदुकीचे नाही तर क्रिकेटचे खेळ खेळतो आणि खेळता खेळता त्या खेळाचे धावते वर्णन करतो. ते यूट्यूबवर जाते आणि धुळे, शिरपूर, पाचोऱ्याकडची त्याच्या वयाची पोरे ते ऐकतात. प्रथम मला हा सगळा प्रकार पोरकट वाटला. मग एके रात्री दाराशी उभा राहून ऐकले. अर्धी हिंदी, अर्धी अहिराणी. पण रंगत अशी, की ट्रान्झिस्टर कानाला लावून बाळ ज. पंडितांचे मराठी समालोचन ऐकण्याचे आमचे दिवस आठवावेत. वर्गात जी भाषा तोंडातून निसटली म्हणून आम्ही हातावर छड्या खाल्ल्या, ती भाषा हा मुलगा चारचौघांत बेधडक बोलत होता आणि लोक ऐकत होते. पुढे त्याला आणि त्याच्या मित्राला अहिराणीत गप्पांचा पॉडकास्टही काढायचा होता. पॉडकास्ट म्हणजे आपल्याला हवा तेव्हा ऐकता येणारा रेडिओचा कार्यक्रम. हा शब्द एका ब्रिटिश पत्रकाराने २००४ साली एका लेखात सहज सुचवला आणि तो चिकटला तो चिकटलाच.

मी बँकेत तीस-पस्तीस वर्षे कर्जाचे अर्ज तपासले. म्हशीचे, पंपाचे, ट्रॅक्टरचे. ट्रॅक्टर मागणाऱ्याला आम्ही पहिला प्रश्न विचारीत असू तो ट्रॅक्टरबद्दल नव्हे, ‘जमीन किती?’ हा. तीच रीत इथे पाळली असती तर बरे झाले असते. माइक मागणाऱ्याला आधी विचारायला हवे, ‘खोली कशी आहे?’ ते न विचारता मी तीन हजार रुपये मंजूर केले. पाचशे रुपये मार्जिन म्हणून त्याने त्याच्या शिलकीतून घातले.

माइक आला. देखणा होता. बुडाशी निळे-जांभळे दिवे, खोक्यावर मोठमोठे आकडे. त्याच रात्री ध्वनिमुद्रण केले आणि कानाला लावून ऐकले. मुलाचा आवाज होता, पण त्याच्याबरोबर पंख्याची कुरकुर, शेजारच्यांच्या दूरदर्शन संचावरची मालिका, रस्त्यावरच्या रिक्षाचा हॉर्न आणि स्वयंपाकघरात आमच्या सौभाग्यवतींनी ताटे रचल्याचा खणखणाटही होता. एवढे संवेदनशील यंत्र आमच्या घरात पूर्वी कधी आले नव्हते. मुलगा हिरमुसला. मी म्हटले, सवयीने जमेल.

खरे नुकसान झाले ते त्यानंतर, आखाजीला.

आमच्याकडे अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात. सासुरवाशिणी माहेरी येतात, गौराई बसते, झोके बांधले जातात आणि झोक्यावर गाणी होतात. माझी आत्या, आमच्याकडच्या भाषेत फुई, धुळ्याला देवपुरात मुलाकडे राहते. वय नव्वदीला टेकलेले. शाळेचे तोंड पाहिलेले नाही, पण आखाजीची आणि कानबाईची गाणी तिच्या तोंडी आहेत. अन् ती कुठे लिहून ठेवलेली नाहीत. कादंबऱ्या लिहिताना मी तिच्या बोलण्यातले शब्द हवे तसे उचलले, तिची गाणी मात्र कधी टिपून घेतली नाहीत. आता नातवाचा माइक हाताशी होता. गेल्या वर्षी आखाजीला तो पिशवीत घालून मी धुळे गाठले.

दुपारची वेळ. खानदेशातला वैशाख वाचकांना सांगायला नको. पारा चव्वेचाळीसच्या पुढे, वर तापलेला स्लॅब. खिडकीत मोठा पत्र्याचा कूलर पूर्ण वेगात चालू. नव्वदीच्या बाईसमोर तो बंद करा म्हणण्याचा धीर मला झाला नाही. माइक टेबलावर, आत्या पलंगावर, मध्ये चार-पाच हातांचे अंतर. ती रंगात आली होती. मधेच थांबून एखाद्या ओळीची गोष्ट सांगे, कुणाच्या लग्नात कोण रुसले ते सांगे, मग पुन्हा गाणे धरी. अडीच तासांत बावीस गाणी झाली. मी मोजली, कारण मोजण्याची खोड जात नाही.

जळगावला परत येऊन ऐकले तर अडीच तास कूलर. कूलरच्या मागे, दूर कुठे तरी, एक म्हातारी गाते आहे. नातवाने ऑडॅसिटी नावाच्या मोफत सॉफ्टवेअरवर घरघर काढण्याचा प्रयत्न केला. घरघर निघाली, पण तिच्याबरोबर आत्याच्या आवाजातली कातरता, शब्दांच्या शेवटचा श्वास, सगळेच निघून गेले. उरलेला आवाज घागरीत तोंड घालून कुणी बोलावे तसा. दोन सूर एकमेकांत इतके मिसळलेले असले की एक काढताना दुसऱ्याची सालडी निघतेच.

त्यानंतर मात्र मी हा विषय कर्जदाराच्या कागदपत्रांसारखा मुळापासून वाचून काढला. आज कुणी वाचक आपल्या मुला-नातवांसाठी, किंवा स्वतःसाठी, पहिला माइक घेणार असेल तर त्याला उपयोगी पडेल म्हणून थोडे विस्ताराने सांगतो.

माइकचे ढोबळमानाने दोन प्रकार. एकात पडद्याला तारेचे वेटोळे चिकटवलेले असते आणि ते लोहचुंबकात हलते, हा डायनॅमिक. मांडवातला अहुजाचा माइक बहुधा याच जातीचा. दुसऱ्यात अतिशय पातळ, विद्युतभारित पडदा एका पत्र्यासमोर ताणलेला असतो, हा कंडेन्सर. त्याचे स्वस्त रूप म्हणजे इलेक्ट्रेट. ते १९६२ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत गेरहार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट या दोघांनी तयार केले, आणि पुढे टेलिफोनपासून श्रवणयंत्रापर्यंत ते घराघरांत शिरले. कंडेन्सरचा पडदा हलका, म्हणून तो बारीकसारीक आवाजही पकडतो. डायनॅमिकचे वेटोळे जड, त्याला हलवायला जवळून आणि जोराने बोलावे लागते. दोन्ही प्रकार आता यूएसबी वायरसह मिळतात. म्हणजे आवाजाचे आकड्यांत रूपांतर करणारे यंत्र माइकच्या पोटातच असते आणि वायर सरळ संगणकाला लावली की झाले. वेगळी पेटी घ्यावी लागत नाही. नवशिक्याने याच वाटेने जावे.

दुकानदार सांगतात, डायनॅमिक माइक बाहेरचा गोंगाट गाळून टाकतो. ही गोष्ट अर्धीच खरी. माइकला गोंगाट आणि गाणे यांतला फरक कळत नाही. तो काही परीक्षक नव्हे. डायनॅमिक माइक तोंडाशी धरावाच लागतो, आणि तोंडाशी धरला की बोलणाऱ्याचा आवाज मोठा व कूलरचा आवाज त्या मानाने लहान होतो, एवढेच त्याचे रहस्य. अंतर निम्मे केले की आवाजाची तीव्रता चौपट होते. कूलर मात्र होता तिथेच राहतो. माझ्या चार-पाच हातांच्या अंतराचा हिशेब करून पाहा! तोच कंडेन्सर आत्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर ठेवून त्याची गेनची कळ, म्हणजे माइकची ग्रहणशक्ती, खाली आणली असती, तर बावीसच्या बावीस गाणी आज माझ्यापाशी असती. म्हणजे दोष माइकचा नव्हता. अर्जही बरोबर होता, तारणही होते. जागेची पाहणी न करता सही करणारा अधिकारी चुकला.

जागेवरून आठवले. पूर्वी आकाशवाणीच्या जळगाव केंद्रावर माझ्या कथांचे वाचन होत असे. स्टुडिओचे जाड दार लावले की कानात दडे बसल्यासारखे वाटे. भिंती आवाज पिऊन टाकीत. कार्यक्रम अधिकारी पहिल्यांदा सांगत ते, ‘कागद वाजवू नका आणि माइकपासून हलू नका.’ माइक कुठल्या कंपनीचा होता ते मी कधी पाहिले नाही. आज घरच्या खोलीत मुले काढतात तो पोकळ, आंघोळीच्या मोरीतल्यासारखा आवाज माइक स्वस्त असल्यामुळे येत नाही. उघड्या भिंती, फरशी आणि काच यांवरून आवाज उलटून येतो म्हणून येतो. त्याला औषध आपल्या माळ्यावर आहे: गोधड्या. बोलणाऱ्याच्या पाठीमागे आणि बाजूला दोरीवर दोन जाड गोधड्या टाका, खाली सतरंजी अंथरा. कपड्यांनी भरलेले लोखंडी कपाट उघडून त्याच्याकडे तोंड करून बोलले तरी आवाज बदलतो. बाजारात स्पंजचे चौकोन मिळतात. ते दिसायला छान असतात, पण पातळ असतील तर गोधडीची सर त्यांना नाही.

आता पैशाचे. किमती बाजारात सारख्या हलतात, म्हणून ढोबळ आकडे देतो. हजार रुपयांच्या आत शर्टाला लावायचा वायरचा माइक मिळतो. बोया कंपनीचा एम-वन त्यात बराच वापरला जातो. त्याची वायर सहा मीटर लांब, आत बटणाएवढा सेल, आणि मोबाइल की कॅमेरा हे ठरवणारी एक कळ. ती कळ चुकीच्या बाजूला राहिली म्हणून ‘माइक खराब निघाला’ म्हणणारे पुष्कळ. वायर मोबाइलला लावा, मोबाइल विमानात ठेवतात तसा मुका करा आणि बोला. एका माणसाच्या बोलण्याला एवढे पुरते. मात्र हा माइक चहूबाजूंनी ऐकतो, हे लक्षात ठेवावे. अडीच ते चार हजारांत फाइफाईन, माओनो या चिनी कंपन्यांचे यूएसबी कंडेन्सर येतात. त्याच्यावर थोडे अधिक खर्चले तर याच कंपन्यांचे यूएसबी डायनॅमिक, फाइफाईनचा एएम-एट किंवा माओनोचा पीडी-दोनशे-एक्स यांसारखे. यांना पुढे मोठ्या यंत्राला जोडायची गोल वायरही लागते, म्हणजे आज घेतलेली वस्तू उद्या टाकून द्यावी लागत नाही. त्याहून महाग, नावाजलेले ब्लू यती वगैरे. ते वाईट नाहीत, पण पंखा, कूलर आणि रिक्षा यांच्या राज्यात त्यांच्या तीक्ष्ण कानांचा उपयोग काय?

माझे मत विचाराल तर आपल्याकडच्या घरांना दिव्याविना साधा डायनॅमिक बरा. दिवे असलेच तर बंद करता येतात. खोक्यावरच्या १९२ किलोहर्ट्झ वगैरे आकड्यांना भुलू नये. माणसाच्या कानाची मर्यादा वीस किलोहर्ट्झची, आणि ती पुरी पकडायला ४८ हा आकडा पुष्कळ झाला. ठेवींवर जास्त व्याजाचे आमिष दाखवणाऱ्या पतपेढ्यांची पत्रके पाहिलेल्या माणसाला हे आकडे ओळखीचे वाटतील.

तीन गोष्टी मात्र पाहूनच घ्याव्या. माइक एकाच बाजूने ऐकणारा, कार्डिऑइड, असावा. त्याची पाठ बहिरी असते, म्हणून ती कूलरकडे किंवा खेळणाऱ्याच्या की-बोर्डकडे करायची. दुसरे, माइकलाच हेडफोन लावायची जागा असावी. आपण काय नोंदवतो आहोत ते त्याच क्षणी कानात ऐकू येते. माझ्याजवळ त्या दुपारी हेडफोन असता तर पहिल्या गाण्यालाच मी उठून कूलर बंद केला असता. तिसरे, गेनची कळ हाताशी असावी. समालोचन करणारा मुलगा एरवी पुटपुटतो आणि शत्रू दिसला की किंचाळतो. गेन त्या किंकाळीच्या हिशेबाने लावायची, पुटपुटण्याच्या नव्हे, कारण फाटलेला आवाज शिवता येत नाही. पडद्यावर दिसणारी पट्टी उणे बाराच्या आसपास राहिली की ठीक. की-बोर्डचे धक्के टेबलातून माइकच्या पायात चढतात. खाली घडी घातलेला जाड टॉवेल ठेवावा, जमल्यास टेबलाला आवळायचा दांडा घ्यावा.

मराठीला आणखी एक अडचण आहे, ती इंग्रजी माहितीपत्रकांत फारशी सापडणार नाही. आपल्या भाषेत भ, फ, ध, ख यांची रेलचेल. प्रत्येक महाप्राणाबरोबर तोंडातून वाऱ्याचा झोत निघतो आणि माइकमध्ये फटकन आवाज होतो. ‘भादलीच्या भाऊंनी भरपूर भरीत-भाकरी फस्त केली’ हे वाक्य म्हणून पाहावे. आमच्या घरी प्रत्येक माइकची परीक्षा याच वाक्याने होते. उपाय असा, की माइक तोंडासमोर न ठेवता गालाच्या अंगाने थोडा तिरका ठेवावा आणि मध्ये भरतकामाच्या लाकडी रिंगमध्ये जुना नायलॉनचा मोजा ताणून लावावा. विकतची जाळी काही वेगळे करीत नाही. एक अनुभवाची गोष्ट: लॅपटॉप चार्जरला लावलेला असताना आवाजात बारीक गुणगुण येत असेल, तर चार्जर काढून पाहावा. जुन्या घरांत अर्थिंग नावापुरतेच असते.

हे सगळे शिकताना मनात सारखा विचार येई तो धुळ्याच्या तुरुंगाचा. १९३२ साली, २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत, अठरा रविवार विनोबांनी तिथे कैद्यांपुढे गीतेवर प्रवचने दिली, दर आठवड्याला एक अध्याय. आजच्या मुलांच्या भाषेत अठरा भागांची मालिका! आणि ध्वनिमुद्रक म्हणून समोर साने गुरुजी बसलेले, हातात लेखणी. त्यांनी लिहून घेतले म्हणून ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक आज आपल्या हाती आहे. जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाईंचेही तेच. ओव्या कागदावर उतरल्या, १९५१ साली बहिणाबाई गेल्या आणि १९५२ साली पुस्तक निघाले. शब्द वाचले. पण ‘डोळा’चा ‘डोया’ होताना त्या जिभेला दिलेला तो किंचितसा हेलकावा, ओळ संपताना घेतलेला श्वास, हे लेखणीच्या आवाक्यातले नाही. २०११च्या जनगणनेत खानदेशी ही मातृभाषा सांगणारे साडेअठरा लाखांवर लोक होते. एवढ्या लोकांच्या खिशात आज जो मोबाइल आहे, त्यातला माइकसुद्धा शांत खोलीत, वीतभर अंतरावरून, साने गुरुजींच्या लेखणीला जे जमले नसते ते करून दाखवतो. नवा माइक घेईपर्यंत थांबायचेही कारण नाही.

नातवाने दिव्यांचा माइक मित्राला निम्म्या किमतीत दिला आणि वर माझ्याकडून पुरवणी कर्ज काढून साधा काळा डायनॅमिक घेतला. त्याचे ऐकणारे वाढले की नाही ते तो सांगत नाही. आता गोधडी टांगून बोलतो आणि आमच्या घरातली भांडी कुणाला ऐकू जात नाहीत, एवढे खरे. हप्ते थकले आहेत, पण खाते मी अजून बुडीत दाखवलेले नाही.

यंदा आखाजीला आम्ही दोघे धुळ्याला गेलो. आदल्या रात्रीच मुक्काम केला. पहाटे साडेचारला उठलो. पाखरे अजून बोलत नव्हती, रस्ता निजलेला. कूलर बंद, पंखा बंद, फ्रिजची पिनसुद्धा काढलेली. दोन गोधड्या खिडकीच्या गजांना बांधल्या. आत्या आंघोळ करून, धुवट लुगडे नेसून पलंगावर बसली. नातवाने माइक तिच्या गालापाशी धरला तेव्हा ती बिचकली. ‘हाई काय शे रे?’ म्हणाली. त्याने सांगितले. ‘कोन आयकी राहिना तठे?’ तिचा दुसरा प्रश्न. तो म्हणाला, ‘मी ऐकतोय, आजी,’ आणि हेडफोन कानांवर चढवला.

तिने धरले. आवाज वर्षभरात उतरला होता. वरच्या सुराला पोहोचताना ती थांबून घोट घेई. काही गाण्यांच्या दोन ओळी येत आणि पुढे वाट बंद होई. मी गेल्या वर्षीच्या कूलरमागून कान देऊन उतरवलेले कागद बरोबर नेले होते, त्यांतून शब्द सुचवून पाहिले. काही ठिकाणी माझेच शब्द चुकीचे निघाले. ती हसली आणि तेवढी ओळ दुरुस्त करून पुन्हा गायली, पण पुढची नाही. सव्वा तासात चौदा गाणी झाली. उरलेल्या आठांपैकी तीन मला शब्दांनिशी बऱ्यापैकी कळली आहेत, पाचांचा धड पत्ता नाही. तिला विचारले तर म्हणते, अशी गाणी मी कधी म्हटलीच नव्हती.

ही चौदा मात्र लख्ख आली आहेत. बांगड्यांचा आवाज ऐकू येतो, मधे एकदा तिने उसासा टाकला तोही. नातवाने हेडफोन तिच्या कानांवर ठेवून पहिले गाणे ऐकवले. तिने डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकले आणि म्हणाली, हा आवाज माझा नाही, माझ्या आईचा आहे. मग पदराने कपाळ पुसले, खिडकीकडे हात केला आणि कूलर लावायला सांगितला.